बाजाराला एकट्या जाता का?

[दृश्य: चाळीतली खोली. दोन बायका समोरासमोर बसल्या आहेत. एकीच्या मांडीवर टॅब.]

"ताई, बाजाराला जायचं असलं तर तुम्हाला सहसा एकटीनं जाऊ देतात, कोणी सोबत असेल तरच जाऊ देतात, की अजिबात जाऊ देत नाहीत?"

तीन उत्तरं, त्यातलं एक निवडायचं. मग हाच प्रश्न दवाखान्याबद्दल, आणि मग गावाबाहेर किंवा वस्तीबाहेर जाण्याबद्दल. सगळं मिळून मिनिटभराचं काम.

आधीच सांगून टाकतो, पडद्यावरच्या या दोघी अभिनेत्री आहेत. खऱ्या मुलाखतीत कॅमेरा नेता येत नाही. उत्तर देणाऱ्या बाईला शब्द दिलेला असतो की तिचं नाव, तिचं घर कुठेही येणार नाही. प्रश्नांचा आशय मात्र खरा आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला.

[दृश्य: गोवंडी स्टेशनबाहेरची रिक्षांची रांग, पुढे देवनारचा रस्ता.]

या पाहणीची सूत्रं मुंबईतून हलतात. गोवंडी स्टेशनपासून जवळच, देवनारला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रं यांनी मिळून १९५६ साली ती सुरू केली. कुटुंब आरोग्य पाहणीची पहिली फेरी झाली १९९२-९३ मध्ये आणि पाचवी २०१९ ते २०२१ या काळात. पाचव्या फेरीत माणसं ६ लाख ३६ हजार घरांत जाऊन आली, ७ लाख २४ हजार बायकांशी आणि १ लाखाहून जास्त पुरुषांशी बोलली. अंगातलं रक्त, बाळंतपणं, पोरांच्या लसी, घरातला संडास, चुलीला काय जाळता, असं सगळं विचारलं. आणि या भरगच्च प्रश्नावलीत एका कोपऱ्यात बाजाराचा प्रश्न.

आरोग्याच्या पाहणीला बाजाराशी काय देणंघेणं? तर माणूस किती मोकळा आहे हे मोजायची, आम्हाला सापडलेली, ही सगळ्यात भरवशाची रीत आहे. दुसरी रीत जास्त गाजते, म्हणून आधी ती पाहू.

[दृश्य: जागतिक आनंद अहवालाची मुखपृष्ठं, एकामागून एक.]

दर मार्चमध्ये बातमी येते: जगात सगळ्यात सुखी देश फिनलंड, आणि आपण कुठेतरी शंभराच्या पुढे. २०२५ साली १४७ देशांत आपला नंबर ११८वा होता. मग दोन दिवस वर्तमानपत्रांत चर्चा, कट्ट्यावर विनोद. हा नंबर येतो गॅलप या संस्थेच्या जगभरच्या पाहणीतून. बहुतेक देशांत वर्षाला साधारण हजार माणसांना सांगितलं जातं: एक शिडी डोळ्यांसमोर आणा. खालची पायरी शून्य, वरची दहा. वरची म्हणजे तुमच्या दृष्टीनं सगळ्यात चांगलं आयुष्य. आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? ही शिडी हॅडली कँट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची, १९६०च्या दशकातली.

त्याच पाहणीत स्वातंत्र्यावरही एक प्रश्न असतो. आयुष्यात काय करायचं ते निवडायला तुमच्या देशात जेवढी मोकळीक आहे, तेवढ्यावर तुम्ही समाधानी आहात की नाही? शिडीवर खालच्या पायऱ्यांवर उभे असलेले आपण भारतीय या प्रश्नाला मात्र मोठ्या बहुमतानं "समाधानी" म्हणतो.

बरं. आता कुटुंब आरोग्य पाहणीचं पाचव्या फेरीतलं उत्तर. बाजार, दवाखाना आणि गावाबाहेरचं ठिकाण, या तिन्ही जागी एकटीनं जाऊ दिलं जातं, असं सांगणाऱ्या बायका देशात ४२ टक्के. आधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, त्या ४१ टक्के होत्या.

दोन पाहण्यांतली माणसं वेगळी आहेत, एकीत पुरुषही आहेत, हे धरूनसुद्धा एवढं अंतर उरतंच. खोटं कोणीच बोलत नाहीये. मोठा प्रश्न विचारला की माणूस आपल्याला मिळालेल्या मापातच उत्तर देतो. लहानपणापासून ज्या बाईनं बाजाराला जाताना धाकट्या भावाला सोबत नेलं, तिला त्यात काही कमी आहे असं वाटायला जागाच कुठे होती?

[दृश्य: जुन्या बंगालची कृष्णधवल छायाचित्रं.]

याचा एक जुना दाखला आहे, आणि तो अंगावर येतो. १९४३चा बंगालचा दुष्काळ. त्याच्या पुढच्याच वर्षी कलकत्त्याजवळ सिंगूर भागात सार्वजनिक आरोग्याच्या एका सरकारी संस्थेनं पाहणी केली. विधुर पुरुषांना आणि विधवा बायकांना विचारलं, तुमची तब्येत कशी आहे? विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आजारी आहोत किंवा जेमतेम बरे आहोत. विधवांमध्ये असं म्हणणाऱ्या होत्या २.५ टक्के. "जेमतेम" हे उत्तर तर एकाही विधवेनं दिलं नाही.

त्या काळच्या बंगालमधल्या विधवेचं ताट कसं असायचं, हे वेगळं सांगायला नको. अमर्त्य सेन यांनी हे आकडे १९८०च्या दशकात पुन्हा उजेडात आणले. त्यांचा मुद्दा असा, की माणसाची अवस्था फक्त त्याच्या समाधानावरून मोजायला गेलात, तर ज्यांच्या वाट्याला सगळ्यात कमी आलं तेच सगळ्यात सुखी दिसतील.

[दृश्य: पुन्हा चाळीतली खोली. टॅबवर बोट सरकतंय.]

म्हणून बाजार. मोठी नोट मोडून सुट्टे मागावेत तसे हे प्रश्न आहेत. तुमचा स्वतः वापरायचा मोबाइल आहे का? बँकेत खातं आहे, जे तुम्ही स्वतः वापरता? कशावर खर्च करायचा हे तुम्ही ठरवू शकता, असे काही पैसे तुमच्याकडे असतात का? तुमच्या औषधपाण्याचा निर्णय कोण घेतं? आणि आम्हाला विशेष आवडलेला प्रश्न: तुमच्या माहेरच्या माणसांकडे, नातेवाइकांकडे कधी जायचं, हे कोण ठरवतं?

खात्याचं उत्तर पाहा. स्वतः वापरतो असं बँक खातं असलेल्या बायका चौथ्या फेरीत ५३ टक्के होत्या, पाचव्या फेरीत ७९ टक्क्यांच्या घरात गेल्या. जनधनची मोहीम २०१४ची, तिचा हात यात आहेच. कोणत्याही मंत्र्याला भाषणात सांगायला आवडेल असा आकडा. आता शेजारचा प्रश्न: आपल्या मर्जीनं खर्चता येतील असे पैसे जवळ आहेत का? ५१ टक्के. खातं आहे आणि पासबुकावर नावही तिचंच, पण त्यातले शंभर रुपये काढून पोरीला कंपास घ्यावा की नाही, हे निम्म्या बायकांच्या हातात नाही. महाराष्ट्रात २०२४पासून लाडक्या बहिणीच्या खात्यावर महिन्याला १५०० रुपये येऊ लागले. पैसे जमा झाले की नाही, हे बँक सांगू शकते. ते कोणी काढले आणि कशावर गेले, हे घरात जाऊन बाईलाच विचारावं लागेल.

फोनमध्येही असंच. देशात स्वतः वापरायचा फोन असलेल्या बायका ५४ टक्के, महाराष्ट्रातही साधारण तेवढ्याच. गोव्यात ९१ टक्के. वाटतं, चला, गोवा सुटला. पण एका प्रश्नावरून असं कुणाला सोडवून टाकू नये, आणि ते का, हे केरळ सांगतं.

[दृश्य: केरळ. शाळेचा गणवेश घातलेल्या मुलींची सायकलींची रांग.]

साक्षरतेत, बाळंतपणातल्या सुरक्षिततेत केरळ देशात पुढे. आणि तिन्ही ठिकाणी एकटीनं जाऊ दिलं जाण्याच्या प्रश्नावर पार तळाला, १५ टक्क्यांच्या आसपास. हिमाचल प्रदेशात तोच आकडा ८२. मग काय, केरळची बाई हिमाचलच्या बाईपेक्षा पाचपट बांधलेली आहे? आम्हाला तसं वाटत नाही. पण चुकीचा आकडा म्हणून तो बाजूलाही सारता येत नाही. शिकलेली, कमावणारी, आखाती देशांत नर्स म्हणून राबून आलेली बाईसुद्धा गावात परतल्यावर "कोणाला तरी घेऊन जा" ऐकते, हे शक्य आहेच. शिक्षण वाढलं की मोकळीक आपोआप वाढते, या आपल्या लाडक्या समजुतीला हा आकडा सुरुंग लावतो.

शिवाय एकटीनं जाणं आणि विचारून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. भारत मानव विकास सर्वेक्षण नावाची आणखी एक मोठी पाहणी आहे, दिल्लीची एनसीएईआर ही अर्थशास्त्राची संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांची. तिच्यात हे दोन्ही प्रश्न सुटे सुटे विचारले. २०११-१२च्या फेरीत दवाखान्यात जायलासुद्धा घरात परवानगी घ्यावी लागते, असं सांगणाऱ्या बायका होत्या ८० टक्के. ताप आला असला तरी "जाऊन येऊ का?" हे आधी.

[दृश्य: दारात सावली. अभिनेत्री बोलता बोलता थांबते.]

"घरात अजून कोण आहे, ताई?"

"सासूबाई आहेत की. बाहेर बसल्यात."

प्रश्नावलीत एक छोटा चौकोन असतो, बाईला तो कधी वाचून दाखवत नाहीत. मुलाखत घेणारीनं तो आपला आपण भरायचा. या क्षणी खोलीत कोण होतं? दहा वर्षांखालची मुलं, नवरा, दुसरे पुरुष, दुसऱ्या बायका. प्रत्येकापुढे तीन पर्याय: होते आणि ऐकत होते, होते पण ऐकत नव्हते, नव्हते. सगळ्या पाहणीत आम्हाला सगळ्यात प्रामाणिक वाटला तो हा चौकोन. उत्तर बाईचं असलं तरी खोली बहुधा तिची नसते, हे पाहणी करणाऱ्यांनी इथे लेखी कबूल केलं आहे.

यानंतर येतात ते प्रश्न अवघड. बायको न सांगता बाहेर गेली, नवऱ्याशी वाद घातला, स्वयंपाक बिघडला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, तर नवऱ्यानं तिला मारणं बरोबर आहे का? अशी एकूण सात कारणं वाचून दाखवतात. एका तरी कारणाला "बरोबर" म्हणणारे पुरुष ४४ टक्के. बायका ४५ टक्के. सगळ्यात जास्त होकार मिळाला तो सासू-सासऱ्यांच्या मानाला. सिंगूरच्या विधवांनी तब्येतीबद्दल तक्रार केली नव्हती, ती याच जातीची गोष्ट.

आणि प्रत्यक्ष मार खाल्ला का, हे विचारायचं तर नियम आणखी कडक होतात. एका घरातल्या एकाच बाईला विचारायचं, आणि ती कोण हे मुलाखत घेणारीनं ठरवायचं नाही. त्यामुळे जावेला किंवा सासूला कळत नाही, हिला नेमकं काय विचारलं. कोणी आत आलं की विषय बदलायचा. एकांत मिळालाच नाही तर तसं नोंदवून तो भाग सोडून द्यायचा. उत्तर मिळवण्यापेक्षा बाई सुखरूप राहणं महत्त्वाचं.

पाचव्या फेरीत असं सुमारे ७२ हजार बायकांना विचारलं. लग्न झालेल्यांपैकी २९ टक्क्यांनी सांगितलं, नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाली आहे. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्क्यांनी त्याबद्दल ना कुठे मदत मागितली, ना कोणाला सांगितलं. म्हणजे कित्येकींनी हे पहिल्यांदा सांगितलं ते टॅब घेऊन आलेल्या एका अनोळखी बाईला.

कर्नाटकात हा हिंसेचा आकडा २१वरून थेट ४४ टक्क्यांवर गेला, दोन फेऱ्यांच्या मधल्या चार-पाच वर्षांत. तिथले नवरे दुपटीनं मारू लागले, की बायका दुपटीनं बोलू लागल्या, की मुलाखती घेणाऱ्या मुलींचं प्रशिक्षण या वेळी जास्त चांगलं झालं? एकट्या आकड्याकडे याचं उत्तर नाही. मथळे मात्र पहिलाच अर्थ धरून निघतात.

[दृश्य: महाराष्ट्राचा नकाशा. ३६ जिल्हे एकेक करून उजळतात.]

आता एक तक्रार. पाचव्या फेरीनंतर प्रत्येक जिल्ह्याचं आकड्यांचं पत्रक निघालं. नंदुरबारमध्ये किती बायकांना ॲनिमिया आहे, गडचिरोलीत किती बाळंतपणं दवाखान्यात होतात, हे कोणालाही घरबसल्या पाहता येतं. जिल्हा परिषदेच्या बैठकीत हे कागद टेबलावर येतात, त्यावरून आराखडे होतात. बाजाराचा प्रश्न त्या पत्रकात नाही. मर्जीनं खर्चायच्या पैशांचा नाही, माहेरचा नाही, मारहाणीचाही नाही. कारण हा भाग विचारला जातो साधारण १५ टक्के घरांत. ७ लाख २४ हजारांपैकी सुमारे १ लाख ८ हजार बायकांना. तेवढ्यावर राज्याचा आकडा निघतो, जिल्ह्याचा निघत नाही.

खर्च वाढतो, मुलाखत लांबते, एकांत मिळवणं कठीण, ही कारणं खोटी नाहीत. पण हिंसेचा भाग वेगळा ठेवला, तरी उरलेले प्रश्न पाच मिनिटांचे आहेत. रक्ताचा थेंब मात्र पाचव्या फेरीत आपण प्रत्येक जिल्ह्यात घेतला. नंदुरबारच्या बाईचं हिमोग्लोबिन जिल्हाधिकाऱ्यांना माहीत आहे. गोळ्या आणायला ती दवाखान्यात एकटी जाऊ शकते का, हे त्यांच्या पत्रकात नाही.