सोळा सेकंद आणि गाडीची किल्ली

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरच्या बाईनं फुटबॉलवर बोलावं यात काही नवल नाही. पण आज शाहू स्टेडियम नाही, आपले पाटाकडील, प्रॅक्टिस क्लब हे संघही नाहीत. आज बोलणार आहे ते अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या मुलींच्या संघाबद्दल. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, गाव चॅपल हिल, शर्टाचा रंग आकाशी. हंगाम २०२४ चा. नाव ध्यानात ठेवा, नॉर्थ कॅरोलिना. रंग आकाशी.

माझा त्यांच्याशी संबंध काय, तर माझी लेक तिथं जवळच कॅरी नावाच्या गावात राहते. या कॅरीत दहा हजार माणसांचं एक फुटबॉल मैदान आहे आणि मुलींच्या कॉलेज स्पर्धेची अंतिम फेरी बऱ्याचदा तिथंच होते. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली. मुलींसाठी दोन फुटबॉल मागितले होते, आले लेझीम. लेझीम वाईट नाही हो, पण लेझीमला लाथ मारता येत नाही. अमेरिकेत १९७२ साली कायदा झाला की मुलगा-मुलगी भेद करणाऱ्या शिक्षणसंस्थेला केंद्राचा पैसा मिळणार नाही. पैशाचं नाव निघालं की सगळ्यांची डोकी ताळ्यावर येतात. मग कॉलेजांत मुलींचेही संघ निघू लागले आणि १९७९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचा मुलींचा संघ उभा राहिला.

तो उभा करणारे प्रशिक्षक होते अ‍ॅन्सन डोरन्स. आता ऐका. हे डोरन्स जन्मले कुठं? मुंबईत! १९५१ साली. वडील तेल कंपनीत होते, म्हणून. तर या मुंबईत जन्मलेल्या गृहस्थांनी २०१२ पर्यंत राष्ट्रीय स्पर्धेची एकवीस विजेतेपदं मिळवली. एकवीस, श्रोतेहो. जगभर गाजलेली खेळाडू मिया हॅम त्यांच्याच हाताखाली तयार झाली. १९९१ चा महिलांचा पहिला विश्वचषक अमेरिकेनं जिंकला, तेव्हाही प्रशिक्षक हेच. आणि २०१२ नंतर? नंतर काही नाही. अंतिम फेरी गाठायची आणि हरायचं. २०१८ ला हरले, २०१९ ला पेनल्टीवर हरले. आणि २०२२ ला हरले तेव्हा मी तिथं होते. म्हणजे होते आणि नव्हते. ते सांगतेच.

५ डिसेंबर २०२२, सोमवार. लेक म्हणाली, आई, फायनल आहे, चल. मी, लेक, जावई आणि नऊ वर्षांची नात. गारठा असा की साडीखाली पायमोजे, वर स्वेटर, त्यावर शाल आणि पायात नातीचे जुने बूट. नातीचे बूट मला बसतात, यावरून तिकडच्या पोरींच्या खाण्यापिण्याचा अंदाज घ्या. बरोबर मी घरून नेलेली भडंगाची पिशवी. दारावर अडवलं. पर्स आत नेता येणार नाही, पिशवी पारदर्शक हवी. आता माझ्या पर्समध्ये रुमाल, गोळ्या आणि भडंग. पण नियम म्हणजे नियम. जावई बिचारे पर्स ठेवायला गाडीपर्यंत गेले, आणि गाडी होती पार शेवटच्या रांगेत. ते परत येईपर्यंत सामना सुरू झालेला. तिथून त्यांच्या डोक्यात पार्किंग बसलं ते बसलंच.

समोर होता लॉस एंजेलिसचा यूसीएलए संघ. हाफटाइमला गोल नाही. दुसऱ्या अर्धात अ‍ॅव्हरी पॅटरसननं डोक्यानं एक मारला आणि पुन्हा डोक्यानंच दुसरा. दोन-शून्य. सगळं मैदान आकाशी, सगळं उभं. ऐंशीव्या मिनिटाला यूसीएलएनं एक फेडला. दोन-एक.

आता तिथली एक गंमत सांगते. आपल्याकडे वेळ रेफ्रीच्या मनगटावर असते. ती संपली का नाही, त्यालाच ठाऊक. कॉलेजच्या सामन्यात मात्र फलकावरचं घड्याळ उलटं चालत होतं. पंचेचाळीसपासून खाली, शून्यापर्यंत. उरलेली वेळ सगळ्यांना दिसते, कुकरची शिट्टी व्हायला किती वेळ आहे ते कुकरवरच लिहून यावं तशी. तर त्या घड्याळात चार मिनिटं उरली आणि माझ्या शेजारी किल्ल्या वाजायला लागल्या.

जावई म्हणाले, "आई, निघूया का? दहा हजार माणसं एकदम बाहेर पडली तर तासभर अडकू."

नात म्हणाली, "आजी, घड्याळ चालू आहे अजून."

आणि मी, जिनं चौतीस वर्षं पोरींना सांगितलं की शिट्टी होईपर्यंत लाइन सोडायची नाही, ती मी उठले. गुडघ्यांना थंडी लागली होती. खोटं कशाला सांगू? गाडीतल्या हीटरची ओढ लागली होती. नातीला लेकीनं दंडाला धरून आणलं. पोरगी पायऱ्या उलट्या उतरत होती, तोंड मैदानाकडे करून.

गाडीत बसलो, हीटर लावला, मी भडंगाची गाठ सोडली. पहिला घास तोंडात आणि मैदानातून आवाज आला.

जावई म्हणाले, "जिंकले बघा!"

मी म्हटलं, "नाही."

श्रोतेहो, माझं माहेर मंगळवार पेठेत. लहानपणी मुलींनी स्टेडियमवर जायची पद्धत नव्हती, तेव्हा आम्ही गच्चीवर बसून सामना ऐकायचो. बघायचो नाही, ऐकायचो. कुणी गोल केला हे आवाजावरून कळायचं. ज्यांची माणसं जास्त, त्यांचा गोल झाला की आवाज जमिनीतून येतो, भांडी वाजतात. आणि ज्यांची माणसं थोडी, त्यांचा झाला की एका कोपऱ्यातून येतो, किरटा, फाटलेल्या गळ्यांचा, आणि बाकी सगळं चिडीचूप. गाडीत मी ऐकला तो दुसरा आवाज. कोपऱ्यातला. म्हटलं, हा पाहुण्यांचा गोल आहे.

लेकीनं मोबाइल उघडला. त्यात अजून दोन-एकच. जावई हसले. म्हणाले, "बघा आई, काही नाही." आम्ही चौघं त्या काचेकडे बघतोय. यूसीएलएला कॉर्नर मिळाला, बॉल आला, एका मुलीनं डोकं लावलं, गोल. दोन-दोन. फलकावर सेकंद उरले होते सोळा. सोळा, श्रोतेहो. मोबाइलवरचं चित्र मागून येत होतं, आवाज मात्र काचेतून थेट. (म्हणून मी म्हणते, रेडिओ तो रेडिओ. चित्रवाल्यांना गोल शिळा मिळतो. आमच्या घरात अजून ट्रान्झिस्टर आहे आणि तो चालतो.)

जादा वेळ लागला. दहा-दहा मिनिटांचे दोन भाग. परत आत जायची सोय नव्हती. मैदान समोर, दिवे दिसताहेत, आणि आम्ही गाडीत बसून मोबाइलवर सामना बघतोय. भडंग कुणी खाईना. नात मागच्या सीटवर, एक शब्द नाही. शेवटची तीन-चार मिनिटं राहिली होती आणि पुन्हा तोच आवाज. कोपऱ्यातला, किरटा. मोबाइलमध्ये अजून काहीच झालं नव्हतं, आकाशी मुली पळत होत्या, बचाव करत होत्या. पण आम्हाला कळलं होतं. त्या मुलींना त्या चित्रात ठाऊक नव्हतं आणि आम्हाला गाडीत ठाऊक होतं. एकशे सातवं मिनिट. तीन-दोन. यूसीएलए जिंकली.

आणि पार्किंगमधून बाहेर पडायला? अख्ख्या गर्दीबरोबरच बाहेर पडलो. नात घरापर्यंत बापाशी बोलली नाही. माझ्याशीही नाही.

बरं, हंगामाबद्दल बोलायचं राहतंय, वेळ निम्मा संपला. तर २०२३ मध्ये हाच संघ उपांत्यपूर्व फेरीत युटा राज्यात तीन-शून्यनं पुढं होता आणि चार-तीननं हरला. तीन-शून्यवरून! त्यानंतर संघ फुटल्यासारखाच झाला. अ‍ॅली सेंटनॉर आणि सॅव्ही किंग या दोघी व्यावसायिक लीगमध्ये गेल्या, निवडीत पहिला नंबर आणि दुसरा नंबर. बाकीच्या कितीतरी निघून गेल्या. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, पहिल्या सामन्याला आठवडाही उरला नव्हता, तेव्हा डोरन्स यांनी निवृत्ती जाहीर केली. लग्नघरात हळदीच्या दिवशी आचाऱ्यानं पंचा खांद्यावर टाकून चालू लागावं, तसं. त्यांचे सहायक डेमन नहास यांना सांगितलं, तात्पुरते तुम्ही बघा. तात्पुरते. हा शब्द आपल्याकडच्या शिक्षकांना विचारा, तात्पुरते म्हणून वीस-वीस वर्षं निघतात.

तर तात्पुरता प्रशिक्षक, निम्म्याहून जास्त नवखा वाटावा असा संघ, आणि हंगाम केवढा? ऑगस्ट ते डिसेंबर. त्यात अभ्यास, परीक्षा आणि विमानानं गावोगाव फिरणं. सत्तावीस सामने. बावीस जिंकले, पाच हरले, बरोबरी एकही नाही. पुन्हा सांगते, बावीस जिंकले, पाच हरले. केट फासी नावाच्या मुलीनं वीस गोल केले आणि पुढं देशातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून हर्मन करंडक तिलाच मिळाला.

शेवटच्या चार संघांत तीन त्याच राज्यातले. नॉर्थ कॅरोलिना, ड्यूक आणि वेक फॉरेस्ट. चौथा कॅलिफोर्नियाचा स्टॅनफर्ड. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्यात अंतर पंधरा-वीस किलोमीटर आणि वैर आपल्या पेठापेठांएवढं. दोन्हीकडची माणसं एकाच ऑफिसात काम करतात आणि त्या आठवड्यात डबा एकत्र खात नाहीत. नॉर्थ कॅरोलिनानं ड्यूकला तीन-शून्य हरवलं. वेक फॉरेस्टनं स्टॅनफर्डला एक-शून्य. आणि अंतिम सामना पुन्हा कॅरीला, पुन्हा डिसेंबरात, पुन्हा सोमवारी. ९ डिसेंबर २०२४.

या वेळी मी कोल्हापुरात होते. आपल्याकडे १० तारखेची पहाट. चहा ठेवला होता आणि नातीचा व्हिडिओ कॉल आला. ती आता अकरा वर्षांची, स्वतः आकाशी शर्टात. बाप-लेक दोघंच गेले होते. दुसऱ्या अर्धात ऑलिव्हिया थॉमसनं एक गोल केला. एक-शून्य. मग लागलं बघा घड्याळ उलटं पळायला. वेक फॉरेस्ट अंगावर येतंय, गोलकीपर क्लेअर गान्ये अडवतेय, आणि मी ओट्याशी उभी. चहा उतू गेला, तो आधी गॅस बंद करून मग पुसला, हे घरच्यांच्या माहितीसाठी.

पाच मिनिटं उरली. मी नातीला विचारलं, "बाबा कुठायत?"

तिनं मोबाइल फिरवला. जावई खुर्चीवर बसलेले, दोन्ही हात मांडीखाली.

म्हटलं, "अहो, पार्किंगचं काय?"

ते काही बोलले नाहीत. नातीनं मोबाइल परत स्वतःकडे वळवला, जॅकेटच्या खिशात हात घातला आणि किल्ली वर धरून दाखवली. गाडीतून उतरतानाच काढून घेतली होती म्हणे.

घड्याळ शून्यावर आलं. बाविसावं विजेतेपद, बारा वर्षांनी. तो आवाज कुणाचा, हे मला या वेळी ओळखायला लागलं नाही. मोबाइलचा स्पीकर फाटला. नहास यांचं तात्पुरतेपणही लगेच संपलं, विद्यापीठानं त्यांना कायम केलं.

नातीनं किल्ली बापाला दिली ती करंडक उचलून झाल्यावर. बाहेर पडायला पाऊण तास लागला.

नमस्कार.