वाटी आधी, फिलिंग नंतर

[ट्रे ओव्हनमधून बाहेर येतो]

आज कुकीच्याच छोट्या वाट्या करून त्यात फिलिंग भरायचंय. सुरुवात इथूनच करतोय, कारण अख्ख्या शूटमधला माझा सगळ्यात आवडता शॉट हाच आहे. 24 खळग्यांचा मिनी मफिन ट्रे, प्रत्येक खळग्यात कुकी फुगून टम्म झालीये, वरून बघितलं तर वाटी बिटी काही नाही, छोटे मफिनच वाटतात. आता ताईच्या हाताकडे बघा. लाटण्याचं टोक मैद्यात बुडवलं आणि मधोमध दाबलं. मधला भाग खाली बसला, कडा वर सरकल्या, झाली वाटी. पुढची. पुढची.

घाई का, तर कुकी गरम आहे तोवरच ऐकते. आतलं बटर वितळलेलं असतं, साखर विरघळून पातळ झालेली असते, म्हणून ती मऊ असते, आणि गार व्हायला लागली की दोन्ही घट्ट होतात. हातात दोन-तीन मिनिटं असतात, बस. शेवटच्या रांगेत तीन वाट्यांना तडे गेलेले दिसतील, ते ताईचं पाप नाही, माझं आहे, मीच तिला म्हटलं थांब जरा, अँगल बदलतो.

[वजनकाटा, क्लोजअप]

आता मागे जाऊया. मैदा 200 ग्रॅम, बटर 115, ब्राऊन शुगर 100, एक अंडं, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. काट्यावर हे सगळं इतकं सावकाश दाखवलंय त्याला कारण आहे. कपाने मैदा मोजला की कोणी दाबून भरतं, कोणी अलगद, आणि दोघांच्या मैद्यात सहज 20-30 ग्रॅमचा फरक पडतो. साध्या कुकीत तो खपून जातो, वाटीत नाही, मैदा जास्त झाला की दाबताना कडा फाटतात आणि कमी पडला की भिंत उभीच राहत नाही. मी ताईशी ह्यावर वाद घातला होता, काटा कशाला, अंदाज असतो की आपल्याला. आता नाही घालत.

[बोट बटरमध्ये रुततं]

बटर किती मऊ हवं ते हा शॉट सांगतो. बोट दाबलं की खड्डा पडतो पण बटर चकाकत नाही, आकड्यात सांगायचं तर 18 ते 20 डिग्री. चकाकायला लागलं म्हणजे वितळायच्या वाटेवर आहे, मग कुकी तेलकट होते. साखरेबरोबर फेटायचं, पण केकसारखं पाच-सात मिनिटं नाही, दीड-दोन मिनिटं पुरे. केकला आत हवा हवी असते, इथे ती नडते, जितकी जास्त हवा तितकी कुकी फुगणार आणि मग वाटीची जागाच भरून जाणार. बेकिंग पावडर कमी आहे ती पण म्हणूनच. चॉकलेट चिप्स घालायच्याच असतील तर बारीक, मोठा तुकडा बरोबर भिंतीत येतो आणि वाटी तिथेच तुटते.

पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये होतं, तिथे कॅमेरा बंद.

[गोळे, वरून]

हे 19-19 ग्रॅमचे गोळे. पहिले चार ताईने काट्यावर केले, नंतर काटा बाजूला सरकवला, आणि मी गुपचूप मधलाच एक उचलून ठेवला तर 19. तो शॉट आहे, बघा, मी काही बनवून सांगत नाहीये. खळग्यांना बटरचा हात फिरवलाय, ट्रे नॉनस्टिक असला तरी फिरवायचाच. गोळा आत ठेवून वरून जरासा चेपायचा.

[ओव्हनची काच, 11 मिनिटांचं शूट 20 सेकंदांत]

175 डिग्री, 11 मिनिटं. ओव्हनच्या आकड्यावर फार विश्वास नको, प्रत्येक ओव्हन थोडं खोटं बोलतो, म्हणून घड्याळापेक्षा कडेकडे बघायचं. कडा सोनेरी, मधलं अजून फिकट, की बाहेर. हा सोनेरी रंग आणि तो वास, दोन्हीच्या मागे मुख्यतः मेयार रिअ‍ॅक्शन, प्रोटीन आणि साखर तापून एकमेकांत मिसळतात ती. लुई कामीय मेयार ह्या फ्रेंच केमिस्टने 1912 मध्ये ती मांडली. मधला भाग सुद्धा सोनेरी व्हायची वाट बघत बसलात तर वाटी दगड होते, आणि आधीच काढलीत तर बाहेर आल्यावर खाली बसते.

[सुरीचं टोक, वाटी फिरते]

ट्रेमध्येच 10 ते 15 मिनिटं. त्याआधी काढली तर हातात तुकडे, पूर्ण गार होऊ दिली तर साखर ट्रेला धरून बसते. सुरीचं टोक कडेने फिरवायचं, वाटी थोडी पिळल्यासारखी फिरवायची, ती स्वतःच सुटते. इथे मी म्युझिक काढलंय, तो बारीक खर्र आवाज ऐकू यावा म्हणून.

[चॉकलेटवर गरम क्रीम]

आता फिलिंग. व्हिडिओ बघणाऱ्यांना हेच बघायचं असतं, माहितीये मला, सगळे फोटो इथलेच असतात, पण वाटी कच्ची असेल तर आत काय वाट्टेल ते भरा. 100 ग्रॅम डार्क चॉकलेट, 100 ग्रॅम क्रीम. क्रीमच्या कडेला बुडबुडे आले की गॅस बंद, चॉकलेटवर ओतायचं आणि दोन मिनिटं हात लावायचा नाही. ढवळताना मधून सुरुवात, छोटे गोल, हळूहळू बाहेर. आधी ते फाटल्यासारखं दिसतं, मग बघा, ह्या सेकंदाला, चकचकीत. खरंच फाटलं तर चमचाभर कोमट दूध घालून परत ढवळा, जमून येतं.

ह्या चॉकलेट-क्रीमला गनाश म्हणतात. गनाशऐवजी व्हिप्ड क्रीम किंवा क्रीम चीज भरणार असाल तर वाटीला आतून वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात द्या, त्याने ओल वाटीत मुरत नाही. क्रीमवाले फ्रीजमध्ये ठेवायचे आणि दोन दिवसांत संपवायचे, रिकाम्या वाट्या हवाबंद डब्यात चार-पाच दिवस राहतात.

[ताई भरते, एक एक]

पाइपिंग बॅग नव्हती, प्लॅस्टिकच्या पिशवीचं टोक कापलंय. 21 वाट्या भरल्या. तडे गेलेल्या तीन भरायच्या आधीच गेल्या, कुठे गेल्या ते शूट झालेलं नाही.

[गनाशचं रिकामं भांडं, चमचा, दोन हात]

इथून शेवटापर्यंत 12 सेकंद आहेत, त्यात मी बोलत नाही.