कुलूप शाबूत, किल्ली हरवलेली

नमस्कार श्रोतेहो.

माझी एक हार्ड डिस्क अशीच गेली. आदल्या रात्री कट्कट् असा बारीक आवाज येत होता, सकाळी ती उघडेना. पासवर्ड मला पाठ होता. डिस्कचा बहुतेक भाग नीट वाचताही येत होता. तरी वडिलांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं त्यातून परत आली नाहीत. असं का झालं, तेच आज सांगायचं आहे.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे आतला मजकूर सांकेतिक करून कुलूपबंद केलेली असली, तर आपला पासवर्ड ही खरी किल्ली नसते. खरी किल्ली संगणकच तयार करतो. लिनक्स या संगणकप्रणालीत डिस्क एन्क्रिप्ट करण्याची लक्स नावाची पद्धत आहे. तिच्यात ही किल्ली डिस्कच्या अगदी सुरुवातीला, हेडर नावाच्या छोट्या भागात, कुलूपबंद ठेवलेली असते. पासवर्ड फक्त ते कुलूप उघडतो. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत हेडरसाठी साधारण १६ एमबी जागा राखलेली असते. तेवढीच जागा खराब झाली, तर उरलेली सगळी डिस्क धडधाकट असूनही निव्वळ कचरा ठरते. माझं नेमकं हेच झालं. हेडरची प्रत एका आज्ञेत निघते, आणि मी ती काढली नव्हती.

विंडोजमध्ये डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या बिटलॉकरची तऱ्हा वेगळी. तिथे किल्ली सहसा मशीनमधल्या टीपीएम या किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपच्या भरवशावर असते, म्हणून रोज काही विचारलं जात नाही. कित्येकांना तर आपली डिस्क एन्क्रिप्टेड आहे याचाच पत्ता नसतो! मदरबोर्ड बदलला की पडदा ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे अडीअडचणीची राखीव किल्ली, मागतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, ऑफिसचं मशीन असेल तर तिथल्या आयटी विभागाकडे. मशीन दुरुस्तीला देण्याआधी ती शोधून कागदावर उतरवून घ्या, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नका. नव्या मॅकमध्ये साठवणच मशीनच्या चिपशी बांधलेली असते. ती सुटी काढून दुसरीकडे वाचता येत नाही, तिथे बॅकअपच कामी येतो.

डिस्कमधून आवाज येऊ लागला, तर कृपा करून ती पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. दुरुस्तीचे प्रोग्रॅमही लावू नका, ते त्याच डिस्कवर लिहितात. डेटा अमोल असेल तर ती बंद करून थेट जाणकाराकडे न्या. आवाज नसेल, नुसती वाचताना अडखळत असेल, तर डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने तिची जशीच्या तशी प्रत घ्या. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अवघड जागांकडे नंतर वळतो. कुलूप उघडण्याची खटपट त्या प्रतीवर करायची, मूळ डिस्कवर नाही.

आणखी एक. लक्समध्ये पासवर्ड बदललात, तरी हेडरची जुनी प्रत जुन्या पासवर्डने उघडतेच. म्हणून नवी प्रत काढा आणि जुनी नष्ट करा.