"कुंपण आहे का?" ह्याला नुसतं हो म्हणून मोकळं होऊ नका | पेट फ्रेंडली होमस्टे

नमस्कार मंडळी. मागून बांबू पडल्याचे आवाज येतील, दुर्लक्ष करा, मांडव उतरवायचं काम चालू आहे. हा व्हिडिओ मी कधीची टाळत होते. पण मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच विषयाच्या, की ताई आम्हीपण घर पेट फ्रेंडली केलंय, कुत्री येतात ती गुणी असतात, भांडतात त्यांचे मालक, आणि तेही खोलीवरून नाही, बाहेरच्या जागेवरून. अगदी बरोबर. आमच्याकडेही सात वर्षांत खोलीवरून फारसं कोणी काही बोललं नाही. सगळी वादावादी अंगणात.

प्राथमिक गोष्टी पटापट उरकते. लसीचं कार्ड आधी मागवून घ्या, रेबीजची तारीख बघा. कुत्री किती आणि केवढी ते विचारा. पाय पुसायला पडवीत बादली नि फडकं, शी उचलायला पिशव्या, गादीवर जुनी चादर. झालं. ह्यावर मी दहा मिनिटं घालवणार नाही, तुम्हाला माहितीये सगळं.

आता कुंपण.

आमचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या बाजूला. ज्यांनी कोकण बघितलंय त्यांना माहितीये, इथे वाडीला, म्हणजे घराभोवतीच्या बागेला, गडगा असतो. (कॅमेरा जरा इकडे घे. हां, हा बघा.) जांभ्याचे दगड एकावर एक रचलेले, मधे ना चुना ना सिमेंट, कुठे कमरेएवढा, कुठे गुडघ्याएवढा, आणि पावसात ढासळला की परत रचायचा. आणि हे बेडं. दोन खांबांना भोकं, त्यात आडवे बांबू सरकवायचे. आता नीट ऐका, सगळा व्हिडिओ ह्या एका वाक्यासाठी आहे: गडगा गुरं आत येऊ नयेत म्हणून असतो, कुत्रं बाहेर जाऊ नये म्हणून नाही. गाय बेड्याशी थांबते. बीगल कशाला थांबेल, तो दोन बांबूंच्या मधून मान घालतो आणि गेला.

बीगल मी उगाच नाही म्हणाले. २०१९ चा डिसेंबर, ठाण्याचं एक कुटुंब. बाईंनी फोनवर विचारलेलं, "कंपाउंड आहे ना?" आणि मी भाकरी थापता थापता म्हटलं, "हो हो, आहे की." खोटं बोलले का मी? माझ्या मते नाही, मला समोर गडगा दिसत होता. ते आले, गाडीचं दार उघडलं, पट्टा काढला, आणि वीस मिनिटांत कुत्रा गायब. दोन तास सगळी वस्ती हाका मारत फिरत होती. शेवटी सापडला बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखाली, पोट टम्म, चेहऱ्यावर कसलाही पश्चात्ताप नाही. ज्यांचे बोंबील होते त्यांना पैसे आम्ही दिले. आणि रिव्ह्यूमध्ये आलं, "कुंपणाबद्दल खोटं सांगितलं." मी आठवडाभर चिडलेली. मग नवरा म्हणाला, तू काय सांगितलंस ते बघू नको, त्यांना काय ऐकू आलं ते बघ.

तर त्यांना काय ऐकू आलं? शहरातल्या माणसाच्या डोक्यात कंपाउंड म्हणजे सोसायटीची भिंत, लोखंडी गेट, वॉचमन, आणि बाहेर जायचं झालं तर वहीत सही. आपण म्हणतो कंपाउंड तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे आजोबांनी रचलेला गडगा. शब्द एकच, जागा दोन. म्हणून मी हा शब्द वापरणंच सोडलं. कुंपण नाही, कंपाउंड नाही, "फुल्ली फेन्स्ड" तर अजिबात नाही.

मग सांगायचं काय? तीन गोष्टी, आणि आकड्यात. उंची किती, सगळ्यात बुटक्या ठिकाणची, सरासरी नको. खालून फट किती, मूठ जाते की डोकं जातं. आणि बेडं कोण कोण उघडतं. ही तिसरी गोष्ट सगळे विसरतात, मीपण विसरलेले. आमच्या मागीलदारी विहीर आहे ती सामाईक. सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावं, त्यांची वहिवाट आमच्या अंगणातून. सकाळी सहाला शेजारच्या काकू कळशी घेऊन येतात, बेड्याचा बांबू काढतात, दोन्ही हात अडकलेले, तो परत लावायला कोण थांबणार? त्यांचा हक्क आहे तो, मी कुलूप घालू शकत नाही, घालणारही नाही. गेस्टना हे आधी सांगितलं की ते सहज समजून घेतात. कुत्रं पळाल्यावर सांगितलं की ती सबब वाटते.

आता ती कमेंट. "एवढे पैसे घेता रात्रीचे, मग जाळी मारा की चारी बाजूंनी." दादा, हिशोब करूया. आमची वाडी वीस गुंठे. एक गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे २१,७८० चौरस फूट झाले. चौकोनी असती तर चारी बाजूंनी सहाशे फुटांत भागलं असतं. पण कोकणातली वाडी कधी चौकोनी असते का! वाटण्या होत होत पट्टी उरते. आमची साठ फूट रुंद आणि तीनशे साठच्या वर लांब, म्हणजे जाळी लागणार साडेआठशे फूट. त्यात एका बाजूचा गडगा चुलत्यांचा, दुसऱ्या बाजूने पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट. आणि हे सगळं करून बेडं उघडंच. 

म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. स्वयंपाकघराच्या मागे फक्त एक गुंठा, ३३ बाय ३३ फूट, तेवढंच जाळीचं आवार केलं. जाळी पाच फूट. तळाला चिऱ्यांची एक ओळ जमिनीत पुरलीये, कारण पहिल्याच महिन्यात एका डॅशहुंडने खालून बोगदा काढला, एवढुसं कुत्रं, पण काम जेसीबीचं. दाराला कडी वरच्या बाजूला. ह्या एका गुंठ्याबद्दल मी छातीठोक सांगते, इथे पट्टा काढा. बाकीच्या एकोणीस गुंठ्यांत पट्टा हातात. गेस्टला वीस गुंठ्यांची हवा दाखवण्यापेक्षा एका गुंठ्याची खात्री द्या. आणि त्यातसुद्धा कुत्रं एकटं सोडून समुद्रावर जायचं नाही, हे वेगळं सांगावं लागतं, हो, लागतं.

फोटोंचं पण असंच. आमच्या जुन्या फोटोंत मागे दाट पोफळी आणि आंब्याची गार सावली होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारभरात ती सावली जमिनीवर आली. आम्ही कौलं शोधण्यात गुंतलेलो, साईटवरचे फोटो बदलायचं कोणाला सुचतंय. पुढच्या मार्चमध्ये एक जोडपं हस्की घेऊन आलं, हस्की, मार्चमध्ये, कोकणात, तो वेगळाच विषय, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं, फोटोतली सावली कुठाय? पैसे परत केले मी. तेव्हापासून दर मोसमाला नवे फोटो. कारण आमचं अंगण बारा महिने एकसारखं नसतंच. दिवाळीच्या आसपास चोपून सारवून घेतो, वर झापांचा, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा, मांडव घालतो, तेव्हा ते फोटोतल्यासारखं दिसतं. जूनमध्ये मांडव नाही, सारवण वाहून गेलेलं, पाखाडीला शेवाळ. दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तुमच्या लॅब्रॅडॉरला जुलैत बागडायला हिरवळ नाही मिळणार, चिखल मिळेल. त्याला आवडेल. तुम्हाला त्याच्या अंगाच्या वासासकट रात्र काढायचीये. हे लिहा, आणि जुलैचा फोटो लावा, चिखलाचा.

"लॉन आहे का?" असंही विचारतात. नाही. सासूबाईंना तर हा प्रश्न कळतच नाही, त्या म्हणतात गवत मुद्दाम कशाला लावायचं, आपण तर काढतो. आणि काढायलाच हवं, उंच गवतात गोचीड. त्यावर वेगळा व्हिडिओ करणार आहे.

आता लोक मला शिव्या घालतात तो भाग. मी बुकिंगच्या आधीच सांगते, इथे साप आहेत, गडग्याच्या फटींत फुरसं बसलेलं असू शकतं, भोकात नाक घालू देऊ नका. बिबट्याचा वावर आहे, अंधार पडला की कुत्रं घरात, शू करायला नेलं तर पट्टा, बॅटरी आणि माणूस. आणि जनावरांचा डॉक्टर गाठायचा तर दापोलीपर्यंत वीसेक किलोमीटर वळणं. एका होमस्टेवाल्यांनी लिहिलं, "ताई असं सांगितलं तर कोण येणार तुमच्याकडे?" अहो येतात! आणि जे येतात ते पट्टा घेऊन येतात. ज्यांना मी हे सांगितलं नव्हतं अशा एका पाहुण्यांच्या कुत्र्याने काकूंच्या तीन कोंबड्या मारल्या तेव्हा काकूंच्या ओटीवर मान खाली घालून कोण बसलं होतं? मी. गेस्ट सेल्फी टाकून पुण्याला पोचले होते.

आणि एक, समुद्र हे आपलं आवार नव्हे. लिस्टिंगमध्ये "बीच दोन मिनिटांवर" लिहिलं की लोक धरून चालतात की बीचवर मोकळं सोडायचं. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. कासवमित्र पहाटे फिरून घरटी शोधतात, अंडी हॅचरीत हलवतात, आणि त्यांच्या आधी कुत्रं पोचलं तर ते उकरून खातं. गावच्या कुत्र्यांना आवरता आवरता त्यांचे हाल, त्यात आपले पाहुणे नकोत. पट्टा. एकाने लिहिलं, "माझा डॉगी तसा नाहीये." बोंबील खाणाऱ्या त्या बीगलच्या मालकिणीचंही हेच म्हणणं होतं.

तर मी जो मेसेज पाठवते तो वाचून दाखवते, उचला खुशाल. "नमस्कार. पट्टा काढता येईल अशी जाळीची जागा ३३ बाय ३३ फूट, जाळी पाच फूट. बाकी वाडीला दगडी गडगा आहे, सगळ्यात बुटका दीड फूट, त्यातून कुत्रं सहज जातं. बेडं दिवसभर उघडं असू शकतं, शेजाऱ्यांची वाट आहे. शेजारी मोकळ्या कोंबड्या आहेत. साप, बिबट्याचा वावर आहे, अंधारानंतर कुत्रं आत. समुद्रावर पट्टा. सोबत ह्याच आठवड्यातला व्हिडिओ. बघून मग ठरवा." व्हिडिओ म्हणजे काय, फोन कुत्र्याच्या उंचीवर धरून गडग्याच्या कडेने चालायचं, एक मिनिट. उभं राहून काढला की अंगण मोठं दिसतं आणि फटी दिसत नाहीत, वाकून काढला की उलटं. कंबर दुखते, पण वाकूनच काढा.

आणि आल्याआल्या, चहाच्या आधी, कुत्रं पट्ट्यात असतानाच त्यांना बेड्यापासून विहिरीपर्यंत एक चक्कर मारून आणायची. फट बोटाने दाखवायची. वाचलेलं लोक विसरतात, दाखवलेलं नाही विसरत.

गेल्या महिन्यात मेसेज वाचून एका बाईंनी बुकिंग रद्द केलं. त्यांचा कुत्रा निवाऱ्यातून घेतलेला, फटाका वाजला की मिळेल तिकडे पळणारा. पूर्ण पैसे परत केले, आणि पक्क्या भिंतीचं एक घर माहीत होतं त्यांचा नंबर दिला. तिथून त्यांनी फोटो पाठवला, कुत्रा उताणा झोपलेला.

चला, आभाळ भरून आलंय, उरलेली झापं उतरवायला मलाच जायला हवं. गोचिडांचे प्रश्न खाली टाका, आणि हस्कीवाले तुम्ही बघत असाल तर डिसेंबरात या, मांडव असतो.