गुठळी आली कुठून?

मंडळी, आधी सगळ्यांनी डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची तीन बोटं ठेवा. नाडी लागली? आता नुसती मोजू नका, ताल बघा. दोन ठोके पटकन, मग थांबून एक, मग परत तीन, असं कशाला कशाचा मेळ नसेल तर ईसीजी काढून घ्या. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, आम्ही एएफ म्हणतो, आणि कितीतरी जणांना ना धडधड ना धाप, अर्धांगवायू होऊन हॉस्पिटलात आल्यावरच कळतं की हे आहे.

होतं काय, हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात, डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते त्यात रक्त साचतं, साचलं की गोठतं, आणि ती गुठळी सुटली की मेंदूत जाऊन अडकते. एएफमध्ये स्ट्रोकचा, म्हणजे अशा अर्धांगवायूचा, धोका साधारण 5 पट होतो.

गुठळीची दुसरी वाट वेगळी. बीपी, शुगर, तंबाखू, कोलेस्टेरॉल यांनी मेंदूतल्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होतात. गोऱ्या लोकांपेक्षा आपल्या आशियाई लोकांत कवटीच्या आतल्या वाहिन्यांचा हा त्रास बराच जास्त दिसतो. तिथे प्लेटलेट चिकटून गुठळी बनते, म्हणून तिथे अ‍ॅस्पिरिन चालते. एएफमध्ये मात्र अ‍ॅस्पिरिन फार तोकडी पडते, तिने धोका जेमतेम पाचव्या हिश्शाने कमी होतो आणि वॉरफरिन या रक्त पातळ करायच्या गोळीने जवळपास दोन तृतीयांश. उलट 2005 च्या एका अमेरिकन अभ्यासात अरुंद वाहिन्यांच्या 569 पेशंटमध्ये वॉरफरिन अ‍ॅस्पिरिनपेक्षा सरस ठरली नाही, रक्तस्राव तेवढा वाढला.

मग एकाच माणसाला दोन्ही असेल तर? घरचे म्हणतात, डॉक्टर दोन्ही गोळ्या द्या ना, डबल सेफ्टी. कित्येक वर्षं आम्हीही तसंच देत होतो. पण जपानमध्ये 41 केंद्रांत नेमके असेच पेशंट घेऊन तपासलं, एएफ आहे, स्ट्रोक होऊन गेलाय, वाहिन्याही खराब, तर दोन्ही गोळ्यांनी एकूण फायदा काही झाला नाही आणि त्रासदायक रक्तस्राव मात्र दुपटीच्या वर गेला. त्यामुळे मी आता बहुतेकांना वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची एकच गोळी ठेवतो, आणि बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी यांच्या मागे हात धुऊन लागतो. हृदयाच्या वाहिनीत नुकतीच स्टेंट (जाळीची नळी) बसवली असेल तर गोष्ट वेगळी, तो हिशोब तुमचा कार्डिओलॉजिस्ट करेल, स्वतःहून कुठलीच गोळी बंद करायची नाही.

आणखी एक, हे आपल्याकडे फार आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला आणि हृदयाची झडप आवळली, अशा एएफला रक्त पातळ करायच्या नव्या महागड्या गोळ्या नकोत, जुनी वॉरफरिनच चांगली, 2022 च्या मोठ्या अभ्यासात तेच दिसलं. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, 2 ते 3 मध्ये ठेवा, पालेभाजीने वॉरफरिनचा असर बदलतो, म्हणून ती खा पण रोज सारखीच खा.

आणि तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर पहिले साडेचार तास गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनचे. ॲम्ब्युलन्समध्ये बसताना गोळ्यांची स्ट्रिप सोबत घ्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा. रक्त पातळ करायच्या त्या नव्या गोळ्यांपैकी एखादी गेल्या दोन दिवसांत पोटात गेली असेल तर ते इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं, आणि पेशंटला तेव्हा बोलता येत नसतं.