सुपातला सूर

नमस्कार, श्रोतेहो.

आज मला तुमच्याशी आयर्न मेडन या बँडबद्दल बोलायचं आहे. नाव ऐकून रेडिओचा आवाज कमी करायला हात पुढे गेला असेल, तर जरा थांबा. या बोलण्यात माझी आजी आहे, नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर आहे आणि शेवटी टेकडीचा गणपतीही येणार आहे.

आधी ओळख करून देतो. १९७५ साली, नाताळच्या दिवशी, पूर्व लंडनमधल्या लेटन भागात स्टीव्ह हॅरिस नावाच्या १९ वर्षांच्या पोराने हा बँड उभा केला. स्टीव्ह बेस गिटार वाजवतो, म्हणजे जाड तारांची, खर्जातली गिटार. एरवी बेसवाला मागे अंधारात उभा असतो. इथे तोच घरातला कर्ता. बरीचशी गाणी त्याचीच. तो उजव्या हाताच्या बोटांनी तारा अशा छेडतो की घोडा चौखूर दौडत आल्यासारखं वाटतं. तडडक् तडडक् तडडक्. या बँडचं कुठलंही गाणं लावा, थोड्या वेळात तो घोडा येतोच.

आणि त्या घोड्यावर स्वार असते चाल. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ हे दोघं गिटारवाले एकच चाल बरोबरीने वाजवतात, पण एक जण सा धरतो तेव्हा दुसरा गंधारावर असतो. एक जण रे वर गेला की दुसरा मध्यमावर. दोघं हातात हात घालून वर चढतात, हातात हात घालून खाली येतात. तुमच्याकडे हार्मोनियम असेल तर सा आणि ग एकदम दाबून बघा, मी काय म्हणतो ते लगेच कळेल. या संगीताला लोक गोंगाट म्हणतात. मी पुन्हा सांगतो, या गोंगाटाच्या पोटात चाल आहे. तुम्हाआम्हाला न्हाणीघरात गुणगुणता येईल अशी चाल.

आता आजीकडे येतो.

२००६-०७ चा काळ. मी इंजिनिअरिंगला होतो. घर महालात, दोन खोल्या पुढे, दोन मागे, मध्ये अंगण. मला एका मित्राने या बँडची कॅसेट दिली होती. तिच्यावर ‘फिअर ऑफ द डार्क’ नावाचं गाणं होतं, १९९२ सालचं, स्टीव्ह हॅरिसचंच. अंधाराची भीती, असा त्याचा अर्थ. सात मिनिटांच्या वरचं गाणं. सुरुवातीला एक संथ चाल येते, मग घोडा सुटतो आणि अगदी शेवटी तीच संथ चाल परत येते. मी ते गाणं महिनाभर लावलं. सकाळी लावलं, संध्याकाळी लावलं. बाबा चिडायचे, आई दार लोटून घ्यायची. आजी मात्र अंगणात सूप घेऊन गहू निवडत बसलेली असायची, ती काही बोलायची नाही.

एक दिवस भारनियमन. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा दिवे जायचे ते तासन् तास. संध्याकाळची वेळ, टेपरेकॉर्डर बंद, मी ओसरीवर पाय सोडून बसलेलो. अंगणात अंधार पडत आलेला. आणि कानावर गुणगुण आली. शब्द नाहीत, नुसतं हं-हं-हं. मला वाटलं भजन असेल. मग अंगावर काटा आला. ती चाल माझी होती! आजी सूप घोळवत होती, बोटांनी खडे चाचपून बाजूला टाकत होती आणि ‘फिअर ऑफ द डार्क’ची सुरुवात गुणगुणत होती. एक सूर इकडे नाही की तिकडे नाही.

मी विचारलं, “आजी, हे काय म्हणतेस?”

ती म्हणाली, “तुह्यं गानं होय नं रे ते. रोज आयकून आयकून बसलं डोक्यात. काय म्हनते तो मानूस?”

मी म्हटलं, “अंधाराची भीती वाटते म्हणतो.”

आजी म्हणाली, “मंग दिवा लाव म्हना त्याले.”

आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. आजीला ही चाल इतकी पटकन का लागली? माझ्या मते कारण सरळ आहे. त्या चालीत गंधार, धैवत आणि निषाद कोमल आहेत. म्हणजे आपल्या आसावरी थाटाचे सूर. आजीने जन्मभर म्हटलेल्या कितीतरी पदांत हेच सूर असणार. तिला ते परके वाटले नाहीत. लंडनच्या पोराने रचलेली चाल महालातल्या सुपात येऊन पडली आणि खडा म्हणून बाजूला गेली नाही.

जाता जाता एक सांगू का? आता घरोघरी तयार पिठाच्या पिशव्या येतात. सोय आहे, मी नाही म्हणत नाही. पण गहू निवडणं गेलं तसं गुणगुणणंही गेलं. हात कामात आणि मन मोकळं, असा तास आता कुणाकडे आहे? मला तरी वाटतं, आठवड्यातून एकदा निदान तांदूळ तरी ताटात घेऊन बसावं. खडे निघोत न निघोत.

असो. २००७ च्या १७ मार्चला हा बँड पहिल्यांदा भारतात आला. बंगळुरूला, पॅलेस ग्राउंड्सवर. माझी परीक्षा होती, जाता आलं नाही. तो शनिवार मी कसा काढला हे मलाच ठाऊक. आणि पुढच्याच वर्षी बातमी आली, १ फेब्रुवारी २००८, मुंबई, बांद्रा-कुर्ला संकुलाचं मैदान. त्यांच्या जगभरच्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून होणार होती. आणि येणार कसे? तर बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन हा खरोखरचा विमानचालक. बोइंग ७५७ विमान, त्यातल्या बऱ्याच खुर्च्या काढून सामानाला जागा केलेली, शेपटीवर बँडचं चित्र, आणि कॉकपिटमध्ये स्वतः गायक. लंडनहून उडवत ते विमान त्याने आपल्या मुंबईत आणलं. ऐकणाऱ्यांच्या दारात गाणारा स्वतः गाडी हाकत येतो, याहून मोठा मान मला ठाऊक नाही.

आम्ही चौघं निघालो. सेवाग्राम एक्सप्रेस, स्लीपरचा डबा, आईने दिलेल्या दशम्या आणि ठेचा. निघताना आजीच्या पाया पडलो तर ती म्हणाली, “त्या अंधाराच्या गान्याच्या टायमाले फोन लाव मले.” मी हो म्हटलं. तेव्हा नागपूरचं सिमकार्ड मुंबईत गेलं की रोमिंग लागायचं, प्रत्येक मिनिटाचे पैसे कापले जायचे. माझ्या मोबाईलमध्ये सत्तेचाळीस रुपये होते.

मैदानावर हजारो माणसं, सगळी काळ्या शर्टात. माझ्या डाव्या हाताला शिलाँगची पोरं, तीन दिवस प्रवास करून आलेली. उजवीकडे एक टक्कल पडलेले गृहस्थ, आपल्या मुलाला घेऊन. मंचावर इजिप्तचा देखावा. धुळीने घसा कोरडा पडला तेव्हा त्या काकांनी बाटली पुढे केली, स्वतः न पिता. “पी बेटा, अजून खूप गायचंय,” म्हणाले. आमचं नावगाव त्यांनी विचारलं नाही, आम्हीही त्यांचं विचारलं नाही.

आणि निळा उजेड पडला. ती संथ चाल सुरू झाली. मी खिशातून फोन काढला, घरचा नंबर लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. इतक्या माणसांचे फोन एका जागी, नेटवर्क कुठून मिळणार! इकडे घोडा सुटला, गाणं धावायला लागलं, आजूबाजूला सगळे उड्या मारताहेत आणि मी एका कानात बोट घालून लाल बटण, हिरवं बटण, लाल बटण, हिरवं बटण. ज्या गाण्यासाठी आलो, त्याची पाच मिनिटं मी फोनकडे बघत घालवली. मला त्याचं दुःख नाही.

शेवटची संथ चाल आली आणि फोन लागला. मी काही बोललो नाही, बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं. हात उंच केला, फोन आकाशाकडे धरला. आणि आता नीट ऐका, श्रोतेहो. त्या चालीला शब्द नाहीत. ती गिटारची चाल आहे. पण लोक ती गातात. जगात कुठेही जा, हे गाणं लागलं की लोक गिटारच्या बरोबरीने गातात, ओ ओ ओ करत. मैदानभर माणसं एका सुरात. शिलाँगची पोरं, बाटलीवाले काका, त्यांचा मुलगा, मी. ज्याला इंग्रजी येतं तो आणि येत नाही तोही. ब्रूस डिकिन्सनने हात पसरले होते. टाळ तेवढे नव्हते.

हात खाली आणला तेव्हा फोन बंद झाला होता. पैसे संपले होते. तिने ऐकलं की नाही, मला कळायला मार्ग नव्हता.

रविवारी सकाळी घरी पोचलो. आजी अंगणातच होती. मी काही विचारायच्या आत बाबा बाहेर आले आणि म्हणाले, “अरे, शुक्रवारी रात्री हिने काय केलं माहीत आहे का? मी झोपेतून उठलो तर ही बाहेरच्या खोलीत अंधारात उभी, फोनचा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ओ-ओ-ओ करतेय. मला वाटलं हिला काही झालं.”

मी आजीकडे पाहिलं. ती म्हणाली, “बाप्पा, किती लोकं होते रे! पयले नुसता पाऊस पडल्यावानी आवाज आला. मंग चाल समजली. सारे म्हनत होते, मंग मीबी म्हटलं.”

तिच्या बाजूने फोन तुटला हे तिला कळलंच नव्हतं. ती चाल पूर्ण करूनच तिने रिसीव्हर ठेवला होता.

हा किस्सा मी कुठेही सांगतो, कितीही वेळा सांगतो. आता मधल्या काही गोष्टी भराभर सांगतो, वेळ थोडा उरला आहे.

या बँडची आणि ऐकणाऱ्यांची जी गाठ आहे ती एका दिवसात बसलेली नाही. १९८४ साली पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट असताना हे लोक तिथे वाजवायला गेले, आणि मुक्कामात एका अनोळखी घरच्या लग्नात शिरून तिथेही वाजवून आले. पॉल डिआनो हा त्यांच्या पहिल्या दोन अल्बमचा गायक. १९८१ मध्येच त्याची वाट वेगळी झाली. उतारवयात त्याचे गुडघे गेले, चाकाच्या खुर्चीत बसला. तेव्हा चाहत्यांनी वर्गणी गोळा केली, क्रोएशियात नेऊन त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करवली. चाळीस वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेल्या माणसासाठी वर्गणी! २०२४ च्या ऑक्टोबरात तो गेला, तेव्हा त्याला एकटं कुणी म्हणू शकलं नाही.

आणि एडी. या बँडचं ते हाडकुळं, डोळे वटारलेलं भूत. डेरेक रिग्ज या चित्रकाराने काढलेलं. कार्यक्रमात त्याचा उंच पुतळा येतो. लोकांना वाटतं हा काही अघोरी प्रकार आहे. अहो, आपण नागपूरची माणसं! तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बापाच्या खांद्यावर बसून काळी मारबत, पिवळी मारबत आणि बडगे हे मिरवणुकीतले पुतळे बघत मोठे झालो. इडा पीडा घेऊन जा गे मारबत, म्हणून ओरडलो. भयाला चेहरा द्यायचा, त्याची मिरवणूक काढायची आणि त्याच्यामागे सगळ्यांनी एकत्र चालायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. माझं तर मत आहे की मारबतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढे डीजे लावायचं बंद करावं. त्या दणक्यात माणसाचा आवाज बुडतो. एडीच्या मागे लाखमोलाची ध्वनियंत्रणा असते, तरी मैदानातल्या माणसांचा आवाज तिच्यावर चढतो. तसं व्हायला हवं.

आता शेवटचं. फेब्रुवारी २०१५ मध्ये बातमी आली की ब्रूस डिकिन्सनला जिभेच्या मागच्या भागात कर्करोग झाला आहे. गायकाला, घशाशी. मी घरी सांगितलं. आजी तेव्हा ऐंशी ओलांडलेली, डोळ्याला कमी दिसायचं, गहू निवडणं सुटलं होतं. तिने विचारलं, “तो अंधारवाला पोट्टा? इमान चालवते तो?” मी म्हटलं, “तोच.” ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मला म्हणाली, रिक्षा बोलाव. स्टेशनजवळ टेकडीच्या गणपतीला आम्ही गेलो. आजीने नारळ पुढे केला. पुजाऱ्यांनी विचारलं, कुणाच्या नावाने? मी सांगायला तोंड उघडलं तर आजीने माझा हात दाबला आणि स्वतः म्हणाली, “पोराच्या गळ्यासाठी.”

मे महिन्यात डॉक्टरांनी त्याला बरा झाल्याचं सांगितलं. मी आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. तिने ऐकलं, मान हलवली, आणि म्हणाली, “आता लाव ते गानं.” दिवे होते त्या दिवशी. मी लावलं.