दिवा लाल आहे

दुकानाच्या भिंतीवरच्या, फायबर इंटरनेटच्या या छोट्या डब्याकडे बघा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकतोय. काचेच्या धाग्यातून येणारा प्रकाश पोहोचत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. काउंटरपाशी ग्राहकानं पैसे भरायला फोन पुढे धरलाय आणि पडद्यावरची चकती गोल गोल फिरतेय. जाहिरातीत वेगाचे आकडे असतात. धंदा अडतो तो या दिव्यापाशी.

दोष सापडलाय. केबलमध्ये प्रकाशाचं स्पंदन सोडायचं आणि ते तुटलेल्या टोकावरून परत यायला किती वेळ लागला, ते मोजायचं. त्यावरून अंतर कळतं. रस्त्याकडेला कुणीतरी चर खणलाय, त्यात केबल गेली. फायबरचा सगळ्यात मोठा वैरी हाच, खोदकाम.

आता तंत्रज्ञाची बोटं बघा. तो आवरण सोलतो, उघडी काच अल्कोहोलनं पुसतो. ही काच 125 मायक्रॉन जाडीची; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रकाश धावतो तो गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. टोक सरळ कापलं गेलं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही टोकं यंत्रात समोरासमोर येतात, विजेची ठिणगी पडते आणि काच वितळून एकजीव होते.

1966 साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम या संशोधकांनी दाखवून दिलं, की प्रकाश विझतो तो काचेमुळे नव्हे, तिच्यातल्या अशुद्धीमुळे. कावना याच कामासाठी 2009 मध्ये नोबेल मिळालं. आजच्या काचेत 15 किलोमीटर गेल्यावरही जवळपास निम्मा प्रकाश शिल्लक असतो.

तांब्याच्या तारेत अंतर वाढलं की वेग घसरतो, सांध्यात पाणी शिरलं की खरखर सुरू. काचेला विजेच्या गडगडाटाचं सोयरसुतक नाही. एकाच धाग्यातला प्रकाश 32 घरांत वाटणारा स्प्लिटरही विजेविना चालतो. घरातला डबा मात्र विजेवरच. दिवे गेले की बॅटरी हवी, हे कनेक्शन देताना फारसं कुणी सांगत नाही.

आणि अपलोड! सगळे विचारतात, किती वेगानं उतरतं. छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा. स्कॅनची जड फाइल दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवायची असते, रुग्ण समोर बसलेला असतो. ती फाइल वर जायला हवी. घरून शिकवणाऱ्या शिक्षिकेचंही तेच.

99.9 टक्के सेवा म्हणजे चोख, असं वाटतं. हिशेब करा: वर्षाला पावणेनऊ तास बंद. ते मध्यरात्री गेले तर कुणाला पत्ताही लागत नाही. ऐन गर्दीत गेले, तर? म्हणून केबल वर्तुळात टाकतात. एक बाजू तुटली, तर प्रकाश दुसऱ्या बाजूनं फिरून येतो. पण या दुकानापर्यंतचा शेवटचा धागा एकटाच आहे.

चर बुजवला जातोय. डब्यावरचा लाल दिवा विझतो, हिरवा लागतो. काउंटरपाशी आता कुणीच नाही.